पाणी येते कोठून, जाते कोठे?



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला आपण चालविता, ते माझे गुरू होते. शाळेत त्यांना कोणी नावाने ओळखत नसे. 'सर' म्हटले की तेच. आजही मी तेवढेच म्हणेन. या व्यासपीठावरून पूर्वी ज्ञानेश्वरीवर, मराठी रंगभूमीवर, श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या ग्रंथालय-चळवळीवर विद्वानांनी व्याख्याने दिली आहेत. मीही चाळीस वर्षे मराठी शिकविले. तेव्हा मी संतवाङ्मयावर बोलेन, अशी आपली अपेक्षा असणार. परंतु पत्रिकेवर छापलेला विषय वाचून आपल्यापैकी काहीजणांनी भुवया उंचावल्या असतील. पश्चिम आफ्रिकेतील शहरांचे पाणी आणि सांडपाणी! निवृत्त मराठी प्राध्यापकाला हे काय सुचले?

सुचले ते सरांमुळेच. आम्ही आठवीत असताना त्यांनी आमची सहल आजव्याच्या तलावावर नेली होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सयाजीराव महाराजांनी बांधविलेला हा तलाव. त्याचे पाणी कोणत्याही पंपावाचून, केवळ जमिनीच्या उताराने वडोदऱ्यापर्यंत येत असे. बांधावर उभे करून सरांनी विचारले, "आपल्या घरी पाणी कोठून येते?" आम्ही सारे एका सुरात ओरडलो, "येथून!" सर हसले. मग म्हणाले, "शाबास. आता सांगा, ते जाते कोठे?" पन्नास मुलांपैकी एकालाही उत्तर देता आले नाही. सरांनी ते सांगितलेही नाही. "शोधून काढा," एवढेच म्हणाले आणि डबे उघडायला सांगितले.

तो गृहपाठ मी पासष्ट वर्षांचा होईपर्यंत केला नव्हता. तो करायची वेळ आली घानाची राजधानी आक्रा येथे. माझे जावई नोकरीनिमित्त तेथे होते. २०१४ च्या जूनमध्ये आम्ही उभयता मुलीकडे गेलो आणि डिसेंबरपर्यंत राहिलो. २०१८ साली पुन्हा तीन महिने गेलो. आज जे सांगणार आहे ते या दोन मुक्कामांत पाहिलेले आणि त्यानंतर जिज्ञासेपोटी वाचलेले आहे. मी अभियंता नव्हे. चूक आढळल्यास सभागृहातील अभियंत्यांनी ती अवश्य दाखवावी.

पहिल्याच सकाळी रस्त्यावरून आरोळी ऐकू आली, "प्युऽऽर वॉटर!" खिडकीतून पाहिले तर दहा-बारा वर्षांची एक मुलगी डोक्यावर भले मोठे घमेले घेऊन चालली होती. त्यात पाण्याच्या पिशव्या. अर्धा लिटर पाण्याची, चारही बाजूंनी बंद केलेली प्लॅस्टिकची पिशवी. कोपरा दातांनी फाडायचा आणि पाणी चोखून घ्यायचे. घानात आणि नायजेरियात कोट्यवधी माणसे असे पाणी पितात. या पिशवीचा इतिहास मोठा बोधक आहे. आधी रस्त्यावर बर्फाचे पाणी एकाच पेल्यातून विकले जाई. पुढे हाताने गाठ मारलेली पिशवी आली. विसाव्या शतकाच्या अखेरीस यंत्राने बंद केलेली पिशवी आली आणि सरकारी परवान्याचा क्रमांक तिच्यावर छापला जाऊ लागला. एका परीने ही सुधारणाच. पेल्यापेक्षा पिशवी शतपटीने बरी. परंतु ज्या शहराला नळाच्या पाण्याचा भरवसा वाटत नाही, ते शहर तहान पिशवीत भरून विकते, हाही तिचा अर्थ आहे. आणि रिकामी झालेली पिशवी जाते कोठे? सरांचा प्रश्न पुन्हा आलाच. ती गटारात जाते.

आक्र्याला पाणी येते कोठून, हे सांगणे सोपे आहे. पश्चिमेकडे डेन्सू नदीवर वेजा येथे धरण आहे. पूर्वीचे धरण १९६८ साली पुरात वाहून गेले; आजचे १९७८ साली पुरे झाले. पूर्वेकडे व्होल्टा नदीवर पाँग येथे दुसरे जलशुद्धीकरण केंद्र आहे. पाणी थोडे नाही. व्होल्टा ही मोठी नदी आहे. परंतु शुद्ध केलेल्या पाण्यापैकी जवळजवळ निम्म्याचे पैसेच वसूल होत नाहीत. काही फुटक्या नळांतून झिरपते, काही चोरीला जाते, काहींची मोजणी होत नाही. उरलेले पाणी पाळीपाळीने सोडतात. ज्याच्या घरी मोठी टाकी आणि पंप आहे त्याला पाळीची झळ लागत नाही. ज्याच्या घरी नळच नाही तो शेजाऱ्याच्या टाकीवरून बादलीच्या हिशेबाने पाणी विकत घेतो. बादलीचा हिशेब नळाच्या हिशेबापेक्षा कित्येक पटींनी महाग पडतो. म्हणजे शहरातील सर्वांत गरीब माणूस सर्वांत महाग पाणी पितो. ही गोष्ट आक्र्यापुरती नाही. लागोसमध्ये हातगाडीवर पत्र्याचे किंवा प्लॅस्टिकचे डबे रचून पाणी विकणारे आहेत. त्यांना हौसा भाषेत 'माय रुवा' म्हणतात, म्हणजे पाणीवाला. आपल्याकडच्या पखालीवाल्याचा हा दूरचा भाऊ.

हे असे का झाले? कोणी म्हणेल, गरिबी. कोणी म्हणेल, तेथील लोकच तसे. हे दुसरे उत्तर मी आपल्याच माणसांच्या तोंडून परदेशात ऐकले, म्हणून थोडा इतिहास सांगतो. तो सुरू होतो आपल्या जवळच, सिकंदराबादेत. १८९७ साली रोनाल्ड रॉस या लष्करी डॉक्टरने तेथे डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू पाहिले. दोनच वर्षांनी, १८९९ मध्ये, तो सिएरा लिओनच्या फ्रीटाऊनला गेला आणि तेथे कोणत्या जातीचा डास हिवताप पसरवितो हे शोधून काढले. आता डबकी बुजविणे, गटारे बांधणे हा मार्ग मोकळा होता. स्वतः रॉसचा आग्रहही डासांची पैदास रोखण्याचाच होता. परंतु वसाहतीच्या सरकारने दुसरा उपाय पसंत केला. फ्रीटाऊनच्या वरच्या डोंगरावर केवळ गोऱ्यांसाठी 'हिल स्टेशन' नावाची वसाहत बांधली आणि १९०४ साली तेथे जायला रेल्वेही घातली. रोगाचे कारण कळले ते भारतात. त्याचा फायदा मिळाला तो डोंगरावरच्या काही बंगल्यांना. खालचे शहर होते तेथेच राहिले.

लागोसची गोष्ट याहून बोलकी आहे. इजू येथे १९१० साली जलकेंद्र सुरू झाले. त्यापूर्वीच, १९०८ च्या सुमारास, पाणीपट्टीविरुद्ध लागोसच्या लोकांनी मोठी चळवळ केली. त्यात पुढे होते हर्बर्ट मकॉले. ते स्वतः सर्व्हेअर आणि स्थापत्य अभियंता होते, म्हणजे नळाचे मोल त्यांना ठाऊक नव्हते असे नाही. लोकांचे म्हणणे असे की, आमच्याकडे विहिरी आहेत, नळाचे पाणी हवे आहे ते युरोपियनांना, मग पट्टी आम्ही का भरावी? या चळवळीकडे मागासलेपणा म्हणून पाहणे सोपे आहे. मला तिच्यात न्यायबुद्धी दिसते. जी सोय थोड्यांसाठी बांधली जाते तिच्यावर बहुतांचा विश्वास बसत नाही. आणि विश्वास नसला की पट्टी भरली जात नाही, पट्टी नसली की दुरुस्ती होत नाही. शंभर वर्षांनंतरही हे चक्र फिरते आहे. स्वातंत्र्यानंतर शहरे झपाट्याने वाढली आणि मूळचे थोड्यांसाठी आखलेले जाळे तुटेपर्यंत ताणले गेले. फ्रीटाऊनला आजही मुख्यतः गुमा खोऱ्यातील, १९६० च्या दशकातील धरणावरच अवलंबून राहावे लागते.

आता सरांच्या प्रश्नाच्या उत्तरार्धाकडे येतो. ते जाते कोठे?

आम्ही गेलो त्या २०१४ सालच्या पावसाळ्यात आक्र्यात पटकीची साथ आली. त्या वर्षी घानात अठ्ठावीस हजारांहून अधिक लोकांना पटकी झाली आणि दोनशेच्या वर दगावले. सर्वाधिक रुग्ण राजधानीच्या परिसरातले होते. शेजारच्या देशांत त्याच वेळी इबोलाने थैमान घातले होते. जगाची वर्तमानपत्रे त्यानेच भरलेली असत. पटकीची बातमी कोपऱ्यात. पटकी पश्चिम आफ्रिकेत या खेपेला १९७० साली, गिनीच्या मार्गाने आली, आणि तेव्हापासून पुनःपुन्हा येते. २०१२ साली सिएरा लिओनमध्ये वीस हजारांवर रुग्ण झाले होते. हा रोग एकच गोष्ट सिद्ध करतो: एकाचा मैला दुसऱ्याच्या पाण्यात गेला आहे.

मुलीच्या घरी येणारा मोटारचालक पन्नाशीचा होता. तेथील रीतीप्रमाणे तो मला 'पापा' म्हणे. एकदा त्याला म्हटले, "या शहराचा मैला जातो कोठे ते मला पाहायचे आहे." तो चकित झाला. "पापा, लोक किल्ला पाहतात, समुद्र पाहतात." मी हट्ट धरला. दुसऱ्या दिवशी त्याने मला कोर्ले गोनो या भागातील समुद्रकिनारी नेले. त्या जागेचे लोकांनी ठेवलेले नाव 'लॅव्हेंडर हिल', म्हणजे सुगंधी फुलांची टेकडी. मोटारीच्या काचा बंद असतानाही त्या नावातील उपरोध समजला. मैल्याचे टँकर ओळीने उभे होते. एकेक मागे सरकत येई, नळी सोडी, आणि शहरातील संडासांच्या टाक्यांतून उपसलेला मैला थेट अटलांटिक महासागरात जाई. हे कित्येक वर्षे, रोज, उघड्यावर चालले होते. थोड्या अंतरावर मासेमारीच्या होड्या होत्या आणि मुले खेळत होती.

येथे थोडे शास्त्र सांगितले पाहिजे. आपल्याला वाटते, शहर म्हटले की जमिनीखाली मैलावाहिन्या असणारच. पश्चिम आफ्रिकेतील बहुतेक शहरांत त्या फारच थोड्या भागात आहेत. लागोससारख्या प्रचंड नगरातही सार्वजनिक मैलावाहिन्यांचे जाळे जवळजवळ नाही. याचे कारण केवळ पैसा नव्हे. मैलावाहिनीत मैला वाहून न्यायला भरपूर पाणी सतत लागते. जेथे नळाला दोन दिवसांआड पाणी येते तेथे वाहिनी तुंबते. म्हणून घरोघरी खड्डा किंवा टाकी. ती भरली की टँकर बोलवायचा. ज्या गल्लीत टँकर शिरत नाही किंवा ज्याला टँकर परवडत नाही, तेथे माणूस फावडे घेऊन उतरतो. डाकारमध्ये अशा माणसाला 'बाय पेल', फावडेवाला बाबा, म्हणतात. उपसलेला मैला तो बऱ्याचदा शेजारच्या रस्त्यातच खड्डा खणून पुरतो. पावसाळ्यात तो वर येतो. म्हणजे प्रश्न संडास बांधण्यापुरता नाही. संडास, टाकी, उपसा, वाहतूक, शुद्धीकरण आणि शेवटी उपयोग, अशी ती साखळी आहे. एक कडी तुटली की बाकीच्या व्यर्थ.

आक्र्यात शुद्धीकरणाचे केंद्र अजिबात नव्हते असेही नाही. कोर्ले खाजणाच्या काठी, जेथे ओडॉ नदी शहराची सारी घाण घेऊन समुद्राला मिळते, तेथे २००० सालच्या सुमारास परदेशी मदतीने एक आधुनिक केंद्र बांधले होते. त्यात सांडपाणी टाकीच्या तळातून वर चढते, वाटेत जंतूंनी भरलेल्या गाळाच्या थरातून जाते, हवेवाचून जगणारे हे जंतू घाण खातात आणि जळाऊ वायू तयार होतो. आपल्याकडे कानपूरला गंगा-शुद्धीच्या योजनेत हीच पद्धत वापरली होती. पद्धत उत्तम, उष्ण प्रदेशाला मानवणारी. परंतु काही वर्षांतच केंद्र बंद पडले. सांडपाणी तेथवर पोहोचवायला पंप लागतात; पंपांना वीज आणि सुटे भाग लागतात; त्यांना दर महिन्याला पैसा लागतो. मदत बांधण्यासाठी मिळते, चालविण्यासाठी मिळत नाही. विजेचे तर विचारू नका. घानाच्या आकान भाषेत 'डुम' म्हणजे विझणे आणि 'सॉ' म्हणजे पेटणे. त्यांचा जोडशब्द 'डुमसॉ', म्हणजे येणारी-जाणारी वीज. आम्ही होतो तेव्हा हा शब्द प्रत्येकाच्या तोंडी होता. भाषेचा शिक्षक म्हणून मला त्या द्वंद्व समासाचे कौतुक वाटले. अंधारात बसून वाटले, एवढेच.

त्या दिवशी लॅव्हेंडर हिलहून परतताना चालक बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पापा, माझे वडील हेच काम करीत. टँकरने नव्हे. डोक्यावर." आक्र्यात पूर्वी टोपलीचे, म्हणजे खाली डबा ठेवलेले संडास सर्वत्र होते. रात्री माणूस येई, मागच्या झडपेतून डबा काढी, डोक्यावर घेऊन जाई. त्याच्या वडिलांनी मुलांना आपण रखवालदार आहोत असे सांगितले होते. हा बारा वर्षांचा असताना एका पहाटे शाळासोबत्याच्या घरामागे वडील दिसले. "मी हाक मारली नाही," तो म्हणाला. "त्यांनीही मारली नाही. पुढे ते वीस वर्षे जगले. आम्ही त्यावर कधी बोललो नाही." लागोसमध्ये या माणसांना 'अग्बेपो' म्हणत. ते तोंड झाकून फिरत, ओळख पटू नये म्हणून.

श्रोतेहो, मला त्या क्षणी आक्रा दिसेनासे झाले. मला आमच्या वाड्यामागची बोळ दिसली. येथून चालत पंधरा मिनिटांवर तो वाडा होता. रोज सकाळी त्या बोळातून एक बाई येत. आमचा दहा बिऱ्हाडांचा मैला त्या पाटीत भरून नेत. सणाला आई त्यांना वरून, हात न लागेल असे, अन्न टाकी. मी अठरा वर्षांचा होईपर्यंत त्या येत होत्या. मला त्यांचे नाव ठाऊक नाही. नाव होते की नाही, हा विचारही कधी मनात आला नाही. आमच्या लेखी त्या जातीच्या नावानेच ओळखल्या जात. मी पुढे पीएच.डी. झालो, संतांच्या समतेवर शेकडो तास व्याख्याने दिली. 'पाणी येते कोठून, जाते कोठे' या सरांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर रोज सकाळी आमच्या बोळातून चालत जात होते, आणि मी ते पाहिले नव्हते. पाहिले होते, पाहूनही पाहिले नव्हते.

आपल्या भाषेकडेच पाहा. पाणी येण्यासाठी मराठीत किती गोड शब्द आहेत: झरा, पाट, पाणवठा, पाणपोई, रांजण, घागर. पाणी जाण्यासाठी? मोरी, गटार, सांडपाणी, नाला. या शब्दांवर कोणी ओवी रचत नाही. जे सांडले ते आपले नाही, अशी आपली समजूत. अपवाद होते. गाडगेबाबांनी हाती खराटा घेतला. कोकणच्या आप्पासाहेब पटवर्धनांनी रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईचे काम आपल्याला मिळावे म्हणून १९३२ साली उपवास केला. परंतु आपण त्यांना नमस्कार केला आणि खराटा पुन्हा त्याच हातांत दिला.

घानाने काय केले ते ऐका. नाना अजेई आम्पोफो या वकिलांनी आक्रा महानगर परिषदेविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दावा लावला की, माणसाने माणसाचा मैला डोक्यावर वाहणे हे घटनेतील मानवी प्रतिष्ठेच्या हक्काविरुद्ध आहे. २००८ साली न्यायालयाने ते मान्य केले आणि पाच वर्षांत ही पद्धत बंद करण्याचा आदेश दिला. आदेशाने सारे एका रात्रीत संपले नाही. पण आपण कोणत्या तोंडाने हसणार? आपला पहिला कायदा १९९३ चा. तो पुरेना म्हणून २०१३ साली दुसरा करावा लागला. आणि गटारात उतरून गुदमरलेल्या माणसाची बातमी आजही वर्तमानपत्रात येते.

आता चांगले काय घडले तेही सांगतो, कारण ते सांगितल्यावाचून चित्र पुरे होत नाही, आणि आफ्रिकेविषयी केवळ वाईटच सांगण्याची जी सवय जगाला जडली आहे, तिच्यात मला भर घालायची नाही.

बुर्किना फासोची राजधानी वागाडुगू. कोरड्या मुलखातील गरीब देश. तेथील 'ओनेआ' ही सरकारी जलसंस्था १९८५ साली स्थापन झाली आणि आफ्रिकेतील चांगल्या चाललेल्या संस्थांमध्ये तिची गणना होत आली आहे. २००४ साली सुमारे पन्नास किलोमीटरवरील झिगा धरणाचे पाणी शहरात आले. परंतु मला महत्त्वाची वाटते ती दुसरीच गोष्ट. पाण्याच्या बिलावर तेथे स्वच्छतेसाठी एक छोटा आकार बसविला आणि त्या पैशातून नळ नसलेल्या वस्त्यांतही घरोघरी सुधारित संडासांना मदत दिली. ज्याला पाणी येते त्याने ते जाण्याचाही खर्च द्यावा, इतका साधा न्याय. सरांना हे फार आवडले असते.

डाकारचे पाणी सुमारे अडीचशे किलोमीटरवरच्या गिएर सरोवरातून येते. सेनेगाल नदीतून समुद्राचे खारे पाणी आत चढू नये म्हणून १९८६ साली दियामा येथे बंधारा बांधला, तेव्हा हे गोडे पाणी भरवशाचे झाले. १९९६ साली सेनेगालने व्यवस्था बदलली: नळ आणि केंद्रे सरकारी संस्थेच्या मालकीची, रोजचे चालविणे करारावर खासगी कंपनीकडे, आणि सांडपाण्यासाठी 'ओनास' ही स्वतंत्र संस्था. अनेक वर्षे हा नमुना वाखाणला गेला. तरी २०१३ च्या सप्टेंबरात दूरवरची एक मोठी नळी फुटली आणि डाकारचा मोठा भाग दोन आठवड्यांहून अधिक काळ कोरडा राहिला. एकाच धाग्यावर शहर टांगले की असे होते. कागदावरची व्यवस्था उत्तम असली तरी नळी लोखंडाचीच असते.

आणि आक्रा? २०१८ साली मी पुन्हा गेलो तेव्हा त्याच चालकाने स्वतः होऊन विचारले, "पापा, टेकडी पाहायची?" आम्ही गेलो. टँकर समुद्राकडे वळत नव्हते. २०१६ नंतर तेथे मैला-शुद्धीकरणाचे केंद्र सुरू झाले होते, आणि बंद पडलेले जुने केंद्रही पुन्हा उभे केले होते. गाळ वेगळा करतात, पाणी शुद्ध करतात, वायूचा उपयोग करतात. वास होता, पण माणूस उभा राहू शकत होता. मी चालकाकडे पाहिले. तो म्हणाला, "वडिलांना हे पाहायला मिळायला हवे होते." मला वाटते, शहराच्या प्रगतीचे याहून नेमके माप नाही.

याच घानात मैला आणि बाजारातील कुजका कचरा एकत्र कुजवून 'फोर्टिफर' नावाचे दाणेदार खत तयार केले गेले. ढिगात आपोआप उष्णता वाढते, ती काही दिवस टिकली की रोगजंतू आणि कृमींची अंडी मरतात. हे वाचून मला आपल्या इंदूरची आठवण झाली. १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूरला टाकाऊ पदार्थांपासून खत करण्याची पद्धत बसविली आणि आपले सहकारी यशवंत वाड यांच्यासह १९३१ साली त्यावर ग्रंथ लिहिला. जगभर ती 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. किती इंदूरकरांना, किती मराठी माणसांना वाडांचे नाव ठाऊक आहे?

एक प्रयोग मात्र मला अस्वस्थ करून गेला. घानातील दुसरे मोठे शहर कुमासी. तेथे असंख्य कुटुंबे सार्वजनिक संडासांवर अवलंबून असतात. रात्री बायकामुलांनी जायचे कसे, हा रोजचा प्रश्न. एका संस्थेने घरात ठेवायचे, पाण्यावाचून चालणारे संडास भाड्याने दिले. भरलेला बंद डबा कर्मचारी येऊन नेतो, रिकामा ठेवतो. मी स्वतःशीच म्हणालो, म्हणजे पुन्हा डबाच! मग विचार केला. डबा झाकलेला आहे. नेणाऱ्याला हातमोजे आहेत, पगार आहे, गणवेश आहे. तो दिवसाढवळ्या येतो. आणि ते काम त्याला जन्माने चिकटलेले नाही. फरक एवढाच आहे, आणि फरक एवढा आहे. आमच्या बोळात नव्हते ते काय होते? तंत्रज्ञान नव्हते हे खरे. पण त्याहून अधिक, नाव विचारण्याची इच्छा नव्हती.

संकटे संपलेली नाहीत. घानात बेकायदा सोन्याच्या खाणींना 'गलामसे' म्हणतात. 'गोळा करा आणि विका' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांचा तो अपभ्रंश. त्यांच्या गाळाने नद्या पिवळ्या झाल्या आहेत. २०२४ च्या ऑगस्टमध्ये केप कोस्ट शहराला पाणी देणाऱ्या, प्रा नदीवरील केंद्रात पाण्याचा गढूळपणा मूळ आखणीच्या सातपट झाला आणि शुद्धीकरण जेमतेम चौथाईवर आले. २०१५ च्या ३ जूनला आक्र्यात पूर आला. त्यातच एका पेट्रोलपंपावर स्फोट झाला, आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. पाणी तुंबण्याच्या कारणांत कचऱ्याने भरलेली गटारे होती, आणि त्या कचऱ्यात त्या 'प्युअर वॉटर'च्या पिशव्या. मुलीचा फोन आला तेव्हा मला घमेलेवाली मुलगी आठवली. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री आपल्या घरांत शिरली, तेव्हा आपणही हेच विचारले: पाणी जाणार होते ते कोठून?

आता समारोप करतो. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी प्रवेशद्वारी सरांच्या नावाची कमान उभारण्यासाठी निधी जमविला आहे, असे मला कळले. हेतू चांगला आहे. परंतु व्याख्यानापूर्वी मी शाळेच्या मागच्या बाजूला जाऊन आलो. मुलींची स्वच्छतागृहे मी पाहिली. त्याविषयी अधिक बोलत नाही. आपण स्वतः पाहावीत. तेथे सफाई करणाऱ्या बाईंशी बोललो. त्यांचे नाव विचारले. त्या बावीस वर्षे येथे आहेत. हात धुवायला त्यांना वेगळा नळ नाही.

या व्याख्यानाचे मानधन मी त्या कामासाठी परत करीत आहे. कमानीचे काय करायचे ते आपण ठरवा. सरांनी आम्हांला उत्तर सांगितले नव्हते. शोधायला सांगितले होते. मला ते शोधायला समुद्र ओलांडावा लागला. आपल्याला इमारतीला वळसा घालून मागे जावे लागेल, एवढेच.